अंगावरचे मदतनीस

(शिक्षक एका गावी आणि विद्यार्थी दुसऱ्या गावी असले, तरी आता शिकता येते. अशा वेळी मनगटावर, कानात, डोळ्यांवर किंवा छातीवर घालायची काही उपकरणे उपयोगी पडतात. ती कशी चालतात, त्यांचे फायदे कोणते आणि ती वापरताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा नदीच्या काठी राहुरी हे गाव आहे. या जिल्ह्याचे पूर्वीचे नाव अहमदनगर. नगर-मनमाड रस्त्याने जाताना राहुरीच्या आसपास उसाचे मळे आणि फळबागा दिसतात. याच तालुक्यात मुळा नदीवर मोठे धरण आहे. परंतु राहुरीचे नाव महाराष्ट्रभर झाले ते तेथील महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे. हे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. त्याचे कार्यक्षेत्र दहा जिल्ह्यांचे आहे. त्याचे एक टोक नंदुरबारला, तर दुसरे कोल्हापूरला आहे.

शेतीचे शिक्षण नुसते पुस्तकातून मिळत नाही. ते डोळ्यांनी पाहून आणि हातांनी करून मिळवावे लागते. माती चिमटीत धरून पाहावी लागते. पानावरची कीड ओळखावी लागते. फळझाडाचे कलम बांधायला शिकावे लागते. अशा शिक्षणात शिक्षक आणि विद्यार्थी जवळजवळ उभे असणे जरुरीचे असते.

२०२० साली मात्र कोरोनाच्या साथीमुळे हे अवघड झाले. मार्च महिन्यात शाळा आणि महाविद्यालये बंद झाली. २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी सुरू झाली. विद्यार्थी आपापल्या गावी गेले. शिक्षक मोबाइल फोनवर आणि संगणकावर शिकवू लागले. अशा शिकवण्याला आपण ऑनलाइन शिक्षण म्हणतो. राहुरीच्या विद्यापीठात हवामानाला अनुरूप शेती आणि पाण्याचे व्यवस्थापन या विषयांचे एक केंद्र आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने ते उभे राहिले. या केंद्रानेही त्या काळात ऑनलाइन प्रशिक्षणवर्ग घेतले.

ऑनलाइन वर्गात एक अडचण सर्वांनाच जाणवली. शिक्षकांचा चेहरा दिसे, आवाज ऐकू येई. पण त्यांचे हात काय करत आहेत, हे नीट दिसत नसे. एका हातात मोबाइल धरला, तर फळ्यावर लिहायचे कसे? पुण्यातील एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेने यावर एक साधा उपाय शोधला. त्यांनी कपडे अडकवायच्या हँगरला मोबाइल बांधला आणि तो फळ्यासमोर टांगला. त्याचे छायाचित्र जून २०२० मध्ये देशभर गाजले. त्या हँगरने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. दूरच्या विद्यार्थ्याला शिकवायचे, तर कॅमेरा योग्य जागी हवा आणि शिक्षकांचे दोन्ही हात मोकळे हवेत.

हे काम अधिक सोपे व्हावे, म्हणून अंगावर घालायची उपकरणे वापरता येतात. परिधान करणे म्हणजे अंगावर घालणे. म्हणून या उपकरणांना ‘परिधेय उपकरणे’ असे नाव आहे. नाव जड असले, तरी कल्पना जुनीच आहे. नाकावरचा चष्मा हेसुद्धा एक परिधेय साधनच आहे. फारसी भाषेत ‘चश्म’ म्हणजे डोळा. त्यावरून ‘चष्मा’ हा शब्द मराठीत आला. उर्दूत तुम्ही त्याला ‘ऐनक’ही म्हणता. मनगटावरचे घड्याळ, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या कानातील श्रवणयंत्र ही साधनेही याच जातीची. फरक एवढाच, की आजच्या उपकरणांत बारीक संगणक बसवलेला असतो आणि ती एकमेकांशी बोलू शकतात.

ती एकमेकांशी कशी बोलतात? त्यांच्यात तार नसते. ती रेडिओच्या लहरींनी संदेश पाठवतात. यातील एका पद्धतीला ‘ब्लूटूथ’ म्हणतात. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. ब्लूटूथ, म्हणजे निळ्या दाताचा, हे त्याचे टोपणनाव होते. त्याने तेथील वेगवेगळे प्रदेश एकत्र आणले. वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या या पद्धतीला म्हणून त्याचे नाव दिले गेले. मोबाइल आणि कानातील यंत्र यांच्यात साधारण दहा मीटर अंतर असले, तरी संदेश पोहोचतो.

आता ही उपकरणे एकेक करून पाहू.

पहिले उपकरण म्हणजे कॅमेरा. हा कॅमेरा छातीवर पट्ट्याने बांधता येतो किंवा कपाळावर लावता येतो. तो काय काम करतो, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एक शिक्षक मोसंबीचा डोळा भरायला शिकवत आहेत. प्रथम ते पेन्सिलीएवढ्या जाडीचे खुंटाचे रोप निवडतात. खुंट म्हणजे ज्यावर कलम करायचे ते मजबूत मुळांचे झाड. जमिनीपासून सुमारे एक वीत उंचीवर ते चाकूने सालीला एक आडवा आणि एक उभा काप देतात. मग चांगल्या मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा पातळ सालीसह काढतात. तो खुंटाच्या सालीखाली अलगद सरकवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. डोळा मात्र उघडा ठेवतात.

हे सारे काम बोटांच्या टोकांवर चालते. चाकू जरा जास्त खोल गेला, तर लाकडाला इजा होते. डोळा उलटा बसला किंवा सुकला, तर कलम वाया जाते. समोर ठेवलेल्या मोबाइलमधून हे बारकावे दिसत नाहीत. त्यात शिक्षकांचे डोके किंवा पाठच अधिक दिसते. कॅमेरा छातीवर असला, की शिक्षकांना जसे दिसते तसेच विद्यार्थ्याला दिसते. आपलेच हात काम करत आहेत, असे त्याला वाटते. शिक्षकांच्या कानात बिनतारी यंत्र असते. नंदुरबारच्या विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, काप किती खोल द्यायचा?’’ तर शिक्षक हातातला चाकू खाली न ठेवता उत्तर देऊ शकतात.

असा प्रयोग वैद्यकीय शिक्षणात पूर्वीच झालेला आहे. २०१४ साली लंडनमधील रॉयल लंडन रुग्णालयात डॉ. शफी अहमद यांनी एक शस्त्रक्रिया केली. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांवर बारीक कॅमेरा असलेला चष्मा होता. ‘गूगल ग्लास’ हे त्याचे नाव. त्या चष्म्यातून ती शस्त्रक्रिया शंभराहून अधिक देशांतील हजारो विद्यार्थ्यांनी जागच्या जागी पाहिली. विद्यार्थी लिहून प्रश्न विचारत. ते प्रश्न डॉक्टरांना चष्म्यातच दिसत आणि ते काम करता करता उत्तर देत. एरवी शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ चार-सहा विद्यार्थीच उभे राहू शकतात. त्या दिवशी जणू हजारो विद्यार्थी डॉक्टरांच्या खांद्यावरून पाहत होते. पुढे त्या चष्म्याची विक्री बंद झाली. पण कल्पना टिकली. आता इतर अनेक प्रकारचे कॅमेरे असलेले चष्मे मिळतात.

दुसरे उपकरण कानातले. ऑनलाइन वर्गात याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. घरात भांड्यांचा आवाज असतो, लहान भावंडे खेळत असतात, दारावरून फेरीवाला ओरडत जातो. कानात यंत्र असले, की शिक्षकांचा आवाज स्पष्ट येतो. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी तर हे वरदानच आहे. वर्गात अशी मुले शिक्षकांच्या ओठांच्या हालचाली पाहून बरेच समजून घेतात. पण साथीच्या काळात तोंडावर मास्क आले आणि ओठ झाकले गेले. मोबाइलच्या लहानशा चौकोनातही ओठ नीट दिसत नसत. नव्या पद्धतीची काही श्रवणयंत्रे मोबाइलशी थेट जोडता येतात. मग शिक्षकांचा आवाज इतर गोंगाटात न मिसळता सरळ कानात जातो. बोललेले शब्द लगेच अक्षरांत दाखवणारे चष्मेही आता निघाले आहेत. मात्र उच्चार अस्पष्ट असतील किंवा दोन भाषा एकत्र बोलल्या जात असतील, तर ती अक्षरे चुकू शकतात.

तिसरे उपकरण मनगटावरचे. याला चतुर घड्याळ म्हणता येईल. ते वेळ दाखवते, वर्ग सुरू होण्याची आठवण करून देते, पावले मोजते आणि नाडीचे ठोकेही मोजते. पावले मोजण्यासाठी त्यात हालचाल ओळखणारा बारीक भाग असतो. हात मागेपुढे हलला, की त्याला ते कळते. नाडी मोजण्याची रीत मोठी मजेदार आहे. घड्याळाच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो. तो कातडीवर प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला, की मनगटात रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये तो पुन्हा वाढतो. या कमीजास्त होण्यावरून घड्याळ ठोके मोजते.

याचा शिकण्याशी काय संबंध? शारीरिक शिक्षणाचा तास घ्या. शिक्षक दूर असताना मुलांनी व्यायाम केला की नाही, हे कसे कळणार? विद्यार्थी पळण्यापूर्वीची आणि पळल्यानंतरची नाडी मोजून वहीत लिहू शकतो. विज्ञानाच्या तासाला त्याच आकड्यांचा आलेख काढता येतो. स्वतःच्या शरीराचे आकडे असले, की धडा लवकर समजतो. ज्याच्याकडे असे घड्याळ नाही, त्याने मनगटावर दोन बोटे ठेवून साध्या घड्याळावर एक मिनिट मोजले, तरी हाच प्रयोग होतो.

चौथे उपकरण डोक्यावर घालायचे. ते मोठ्या चष्म्यासारखे दिसते. त्यात प्रत्येक डोळ्यासमोर थोडे वेगळे चित्र असते. आपला मेंदू ती दोन चित्रे एकत्र करतो आणि आपण त्या जागीच उभे आहोत असे वाटते. मान वळवली, की दृश्यही वळते. याला आभासी दर्शन म्हणतात. त्यातून धरणाचे दरवाजे आतून पाहता येतात. जेथे जाणे धोक्याचे आहे, तेथेही फिरून आल्यासारखे वाटते. मात्र हे उपकरण महाग असते. ते फार वेळ घातले, तर काहींना चक्कर येते, डोळे दुखतात. लहान मुलांनी ते वापरू नये, अशी सूचना निर्मात्यांनीच दिलेली असते. किती वयापासून वापरावे, हे प्रत्येक उपकरणाबरोबर लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय ते डोक्यावर चढवू नये.

मुलांनो, आतापर्यंत आपण फायदे पाहिले. आता दुसरी बाजू पाहू. ती पाहिली नाही, तर आपला अभ्यास अर्धाच राहील.

चीनमधील एका प्राथमिक शाळेत २०१९ साली मुलांच्या कपाळावर पट्टे बांधले गेले. मूल लक्ष देते की नाही, हे मेंदूतील विद्युत लहरींवरून ओळखण्याचा तो प्रयत्न होता. पट्ट्यावरील दिव्याचा रंग बदलला, की त्या मुलाचे लक्ष आहे की नाही हे शिक्षकांना कळे, असे सांगितले जाई. ही माहिती पालकांकडेही जाई. लोकांना हे कळल्यावर मोठी टीका झाली आणि तो प्रयोग थांबवावा लागला.

यात चूक कोठे झाली? खिडकीबाहेर पाहणारे मूल कदाचित गणिताचाच विचार करत असेल. फळ्याकडे टक लावून बसलेले मूल मनाने मैदानावर असेल. शिवाय मूल थोडे हलले, तरी अशा पट्ट्याचे मोजमाप बिघडू शकते. आणि समजा, मोजमाप अगदी बरोबर आले, तरी प्रश्न उरतोच. आपल्या कपाळावर दिवा पेटला आहे आणि तो सर्वांना दिसत आहे, या भीतीत मूल शिकेल की दिव्याचीच काळजी करेल? जाणते शिक्षक मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतात, त्याला प्रश्न विचारतात, आणि ‘‘काय रे, समजले नाही का?’’ असे आपुलकीने म्हणतात. ते काम दिवा करू शकत नाही.

जर्मनीत मुलांच्या काही घड्याळांत आणखी एक दोष आढळला. त्या घड्याळांतून पालकांना आजूबाजूचे बोलणे चोरून ऐकता येई. काही पालक तर वर्गात शिक्षक काय बोलतात, हेही ऐकत. म्हणून २०१७ साली तेथील सरकारी यंत्रणेने अशा घड्याळांच्या विक्रीवर बंदी घातली. दुसऱ्याचे बोलणे त्याच्या नकळत ऐकणे चांगले नाही, हे आपण लहानपणापासून शिकतो. यंत्राने ऐकले म्हणून ते चांगले होत नाही.

परिधेय उपकरण आपल्या शरीराची माहिती सतत गोळा करते. नाडी किती, झोप किती, आपण कोठे गेलो, हे सारे त्यात साठते. ही माहिती अनेकदा ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीकडे जाते. म्हणून आपल्या संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी त्यांच्या पालकांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा शाळेत किंवा शिकवणीत कोणी असे उपकरण दिले, तर तीन प्रश्न विचारावेत. यात कोणती माहिती साठते? ती कोणाकडे जाते? उपकरण काढून ठेवले, तरी मला शिकता येईल ना? हे विचारणे उद्धटपणाचे नाही. तो आपला हक्क आहे.

आरोग्याचीही काळजी घ्यावी. कानातील यंत्राचा आवाज फार मोठा ठेवला, तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आवाजाची मर्यादा सांगितली आहे. ती ७५ डेसिबल असून, तेवढा आवाजही आठवड्यात ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. डेसिबल हे आवाज मोजण्याचे माप आहे. आपल्याला ते घरी मोजता येत नसेल, तर एक सोपी खूण लक्षात ठेवावी. यंत्र कानात असताना शेजारी बसलेल्याचे साधे बोलणे ऐकू आले पाहिजे. डोळ्यांसाठीही एक नियम आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. त्यामुळे डोळ्यांना विसावा मिळतो. रस्त्याने चालताना किंवा सायकलवर असताना कानात यंत्र कधीही घालू नये.

शेवटचा प्रश्न पैशाचा आहे. साथीच्या काळात अनेक घरांत एकच मोबाइल होता. सकाळी तो घेऊन वडील कामावर जात. दोन-तीन भावंडे संध्याकाळी त्याची वाट पाहत बसत. कोठे मोबाइल होता, तर इंटरनेटसाठी पैसे नव्हते. जेथे एक मोबाइल पुरत नाही, तेथे घड्याळे आणि चष्मे कोठून येणार? म्हणून प्रत्येक मुलाने उपकरण घेतलेच पाहिजे, असे मानणे योग्य नाही. एक गोष्ट मात्र करता येण्यासारखी आहे. छातीवरचा कॅमेरा विद्यार्थ्यांना नको असतो. तो शिक्षकांना हवा असतो. शाळेत असा एक कॅमेरा असला, तर त्याचा लाभ सर्व मुलांना होतो. ज्याच्या घरी साधा मोबाइल आहे, त्यालाही कलम बांधणारे हात स्पष्ट दिसतात. श्रवणयंत्राचे तसे नाही. ज्याला कमी ऐकू येते, त्याच्यासाठी ती चैन नसून गरज आहे. म्हणून मदत देताना आधी त्याचा विचार झाला पाहिजे.

उपकरण किती नवे आहे, यापेक्षा ते कोणासाठी आणि कशासाठी वापरायचे, हे आधी ठरवावे. चष्मा चांगला, कारण तो आपल्याला पाहायला मदत करतो. आपल्यावर नजर ठेवत नाही. अंगावरच्या प्रत्येक नव्या मदतनिसाला हीच कसोटी लावावी.

आज वर्ग पुन्हा भरू लागले आहेत. राहुरीच्या शेतांवर विद्यार्थी पुन्हा शिक्षकांभोवती गोल करून उभे राहतात. पण दूरचे शिक्षण संपलेले नाही. पुराने रस्ता बंद झाला, कोणी आजारी पडले किंवा हवे ते शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यात असले, तर त्याची गरज पुन्हा लागणार आहे. अशा वेळी कॅमेऱ्यातून शिक्षकांचे हात अवश्य पाहा. कानातून त्यांचे शब्द ऐका. मग यंत्र बाजूला ठेवा, चाकू आणि रोप घ्या आणि घरातल्या मोठ्या माणसासमोर स्वतः करून पाहा. पहिला डोळा कदाचित सुकेल. दुसराही सुकेल. पण कधीतरी दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडताना डोळा हिरवा दिसेल. कोणतेही घड्याळ ते काम तुमच्यासाठी करणार नाही. ते तुमच्या हातांनीच केलेले असेल.

स्वाध्याय

१. परिधेय उपकरण म्हणजे काय? पाठातील चार उपकरणांची नावे लिहा.
२. मोसंबीचा डोळा भरताना छातीवरचा कॅमेरा कसा उपयोगी पडतो?
३. घड्याळ नाडीचे ठोके कसे मोजते, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. कपाळावरच्या पट्ट्याचा प्रयोग का थांबवावा लागला? तुमचे मत लिहा.
५. ‘चष्मा’ या शब्दाप्रमाणे उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द शोधून लिहा.
६. बसलेले असताना आणि शंभर पावले पळून आल्यावर आपली नाडी बोटांनी मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून वर्गात सांगा.